चांदूर रेल्वे : प्रवास आणि दळणवळण

चांदूर रेल्वे हे महाराष्ट्राच्या अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून मुंबई–नागपूर–हावडा या लोहमार्गावरील एक स्थानक आहे. बडनेरा आणि वर्धा या दोन जंक्शनांच्या दरम्यान ते येते. मुंबईपासून लोहमार्गाने ते सुमारे ७०० किलोमीटर, तर नागपूरपासून सुमारे १५० किलोमीटर अंतरावर आहे. अमरावती शहर येथून रस्त्याने सुमारे ३० किलोमीटर आहे. गावाच्या नावातच रेल्वे असली तरी येथे येण्याजाण्याची व्यवस्था एकट्या रेल्वेवर कधीच अवलंबून नव्हती. लोहमार्ग, एस. टी. आणि खासगी वाहने यांची सांगड घालूनच येथील लोक प्रवास करतात. बाहेरून येणाऱ्यालाही तीच सांगड समजून घ्यावी लागते.

== नाव आणि त्यातून होणारा घोटाळा ==

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन तालुक्याची गावे आहेत. एक जिल्ह्याच्या दक्षिण भागातील चांदूर रेल्वे आणि दुसरे अमरावतीच्या उत्तरेकडील चांदूर बाजार. पहिल्याला स्थानक मिळाले म्हणून ‘रेल्वे’ व दुसऱ्याचा बाजार मोठा म्हणून ‘बाजार’ अशी ओळख रूढ झाली. याच लोहमार्गावरील धामणगाव रेल्वे आणि मालखेड रेल्वे ही नावेही अशाच प्रकारची आहेत. चांदूर नाव याखेरीज बुलढाणा जिल्ह्यातील चांदूर बिस्वा आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिमेंट कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले गडचांदूर या गावांतही आढळते. गावातील व पंचक्रोशीतील माणूस मात्र नुसते ‘चांदूर’ एवढेच म्हणतो.

ही ओळख आता पूर्वीइतकी बिनचूक राहिलेली नाही. अमरावती–नरखेड हा नवा लोहमार्ग सुरू झाल्यापासून चांदूर बाजारलाही रेल्वे स्थानक आहे. त्यामुळे ‘रेल्वेचे चांदूर’ एवढ्या खुणेवर तिकीट काढणारा चुकू शकतो. मुख्य मार्गावरील स्थानकाचे नाव रेल्वेच्या नोंदीत ‘चांदूर’ एवढेच असून त्याचा संकेत ‘सीएनडी’ आहे, तर चांदूर बाजारचा संकेत ‘सीएनडीबी’ आहे. आरक्षण करताना नावापेक्षा संकेत पाहणे अधिक सुरक्षित. अमरावतीच्या बसस्थानकावरही फलकावरील ‘चांदूर’ या शब्दापुढचा दुसरा शब्द वाचूनच गाडीत बसावे. दोन्ही गावे अमरावतीपासून परस्परविरुद्ध दिशांना आहेत.

== लोहमार्गाची पार्श्वभूमी ==

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिले, आणि त्याच वर्षी मुंबई–ठाणे दरम्यान देशातील पहिली प्रवासी गाडी धावली. या दोन घटनांची गाठ कापसाने घातली. वऱ्हाडची काळी जमीन कापसाची; परंतु तो कापूस बंदरापर्यंत नेण्यास बैलांखेरीज साधन नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील कापूस बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत जाई व तेथून गंगेच्या पात्रातून पुढे नेला जाई. या प्रवासात महिने जात, आणि पावसात सापडलेला माल खराब होई.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने भुसावळहून नागपूरकडे मार्ग नेण्याचे काम चालविले असतानाच अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१–१८६५) पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव एकाएकी चढले. लोहमार्गाची आखणी त्या युद्धाच्या आधीची आहे, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. युद्धाने तिची निकड मात्र सर्वांना पटवून दिली. थळ घाटाचे काम १८६५ मध्ये संपले व १८६७ मध्ये मार्ग नागपूरला पोहोचला. तेव्हा युद्ध संपून भाव कोसळलेही होते. पण स्थानके झाली होती, आणि त्यांच्याभोवती जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, अडते व बाजारपेठा पुढील काही दशकांत उभ्या राहिल्या. शेजारचे धामणगाव हे या वाढीचे ठळक उदाहरण होय. दत्तापूर या जुन्या गावाला लागून स्थानकामुळे नवी पेठ वसली आणि पुढे तिचेच नाव तालुक्याला मिळाले. वर्धा नदीवरील रेल्वे पुलामुळे पुलगाव हे नाव पडले, तेही याच काळात.

अमरावती हे कापसाचे मोठे केंद्र असूनही मुख्य मार्गावर आले नाही. तेथे बडनेऱ्याहून सुमारे १० किलोमीटरची शाखा १८७१ मध्ये नेण्यात आली. त्यामुळे जिल्ह्याचे मुख्य शहर शाखेवर आणि चांदूरसारखे तुलनेने लहान गाव मुख्य मार्गावर, अशी स्थिती निर्माण झाली. ती आजही प्रवासावर परिणाम करते. चांदूरहून मुंबई व नागपूर या दोन्ही दिशांना थेट रूळ आहेत. अमरावतीला जाताना मात्र लोहमार्गाने बडनेऱ्याचा वळसा पडतो व बहुतेक वेळा गाडी बदलावी लागते. म्हणून अमरावतीसाठी चांदूरकर स्थानकावर न जाता बसस्थानकावर जातात.

== रेल्वेने येणे-जाणे ==

बडनेऱ्याहून वर्ध्याकडे जाताना टिमटाळा, मालखेड, चांदूर, दिपोरे, धामणगाव, तळणी व पुलगाव ही स्थानके या क्रमाने लागतात. यांपैकी टिमटाळा, मालखेड, दिपोरे, तळणी येथे प्रामुख्याने सवारी गाड्यांचाच उपयोग होतो. चांदूरला काही एक्स्प्रेस गाड्यांचाही थांबा असतो. परंतु या मार्गावरून धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांची संख्या आणि येथे थांबणाऱ्या गाड्यांची संख्या यांत मोठी तफावत आहे. वेळापत्रक बदलत राहते. म्हणून जुन्या माहितीवर विसंबून न राहता निघण्यापूर्वी १३९ या चौकशी क्रमांकावर किंवा रेल्वेच्या अधिकृत अ‍ॅपवर थांबा तपासून घ्यावा.

मुंबई, नाशिक किंवा जळगावकडून येणाऱ्यास चांदूरला थांबणारी गाडी मिळाली नाही, तर दोन पर्याय उरतात. बडनेऱ्याला उतरून पुढची सवारी गाडी धरणे किंवा रस्त्याने येणे, हा पहिला. विदर्भ एक्स्प्रेससारखी गाडी धामणगावला थांबते, तेथे उतरून सुमारे १५ ते २० किलोमीटर मागे येणे, हा दुसरा. दिवसा यांतला कोणताही चालतो. रात्री किंवा पहाटे मात्र बडनेराच बरे: ते मोठे जंक्शन असल्याने फलाटावर जाग असते, स्थानकाबाहेर रिक्षा मिळतात आणि उजाडेपर्यंत थांबण्याची सोय होते. मुंबईहून अमरावतीपर्यंत थेट धावणारी अमरावती एक्स्प्रेस धरून अमरावतीला उतरणे व तेथून एस. टी.ने येणे हाही सोयीचा मार्ग आहे. सामान व लहान मुले बरोबर असतील तर तोच पत्करावा.

अनारक्षित तिकीट खिडकीवर किंवा मोबाइलवरून काढता येते. सवारी गाड्यांचे भाडे कोविडनंतरच्या काळात एक्स्प्रेसच्या दराने आकारले जात होते व किमान भाडे ३० रुपये झाले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा सामान्य दरावर आणून किमान १० रुपये करण्यात आले. रोज वर्धा किंवा बडनेरा गाठणाऱ्या विद्यार्थ्यास व मजुरास हा फरक महिन्याकाठी चांगलाच जाणवणारा होता. ज्येष्ठ नागरिकांना रेल्वेभाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, हे वयस्कर प्रवाशांनी ध्यानात घ्यावे.

== थांब्यांचा प्रश्न ==

मार्च २०२० मध्ये देशभरातील प्रवासी गाड्या थांबविण्यात आल्या. पुढे त्या टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या, तेव्हा अनेक लहान स्थानकांवरील जुने थांबे लगेच परत मिळाले नाहीत. चांदूर येथेही थांब्यांची मागणी वेळोवेळी, आंदोलनांच्या मार्गानेही, मांडली गेली आहे. बाहेरच्या माणसाला हा मानापमानाचा विषय वाटण्याची शक्यता आहे, पण तो तसा नाही. चांदूर परिसरातील रुग्णांना सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय व वर्ध्याजवळील सावंगी (मेघे) येथील रुग्णालय जवळचे आहे. त्यांच्या बाह्यरुग्ण विभागाची वेळ सकाळची असते. सकाळी वर्ध्याकडे जाणारी आणि दुपारनंतर परत आणणारी गाडी थांबते की नाही, यावर रुग्णाचा व त्याच्याबरोबरच्या नातेवाइकाचा मुक्काम टळतो किंवा पडतो. डायलिसिस वा केमोथेरपीसाठी ठरलेल्या दिवशी जावे लागणाऱ्याच्या बाबतीत तर खर्चाचा हिशेबच बदलतो. नागपूरला शिकणाऱ्या मुलामुलींचेही असेच आहे.

मागणी कोणाकडे करावी, हा आणखी एक पेच. महसुली दृष्टीने चांदूर अमरावती जिल्ह्यात आहे. रेल्वेच्या दृष्टीने ते मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात मोडते, तर शेजारचे बडनेरा भुसावळ विभागात. लोकसभेसाठी हा भाग धामणगाव रेल्वे विधानसभा मतदारसंघाबरोबर वर्धा मतदारसंघात येतो. एस. टी. पुन्हा अमरावती विभागाची. एकाच गावाच्या प्रवासाचा कारभार असा चार ठिकाणी वाटला गेल्याने सवारी गाडीची वेळ आणि बसची वेळ एकमेकींशी जुळविणे हे कोणा एकाचेच काम राहत नाही.

नवा थांबा रेल्वे प्रशासन प्रायः ‘प्रायोगिक तत्त्वावर’ देते आणि त्या स्थानकावरील तिकीट विक्री पाहून तो पुढे चालू ठेवते. या कारणाने चांदूरला चढणाऱ्याने तिकीटही चांदूरपासूनचेच काढणे गावाच्या हिताचे असते. गाडी बडनेऱ्याहून सुटते म्हणून तेथूनचे तिकीट काढले, तर प्रवासी चांदूरचा असूनही त्याची नोंद बडनेऱ्याच्या खाती जाते.

== रस्ते व एस. टी. ==

अमरावती–चांदूर रस्ता अमरावती शहराच्या वडाळी भागातून बाहेर पडतो आणि पोहरा–मालखेडच्या राखीव वनातून चांदूरकडे येतो. जिल्ह्याच्या सपाट, उघड्या माळरानात सागाच्या सावलीतून जाणारा हा टप्पा प्रवाशास सुखावतो, विशेषतः पावसाळ्यात. मात्र हे जंगल खरोखरीचे जंगल आहे. येथे बिबट्यांचा वावर आहे, आणि हरणे, रोही, रानडुकरे रस्ता ओलांडतात. दुचाकीने जाणाऱ्याने हा टप्पा दिवस मावळण्यापूर्वी पार करावा. मोटारचालकानेही रात्री वेग आवरता ठेवावा.

चांदूर रेल्वे येथे राज्य मार्ग परिवहन महामंडळाचे आगार आहे. अमरावतीकडे दिवसभर गाड्या असतात. तालुक्यातील खेड्यांकडे मात्र त्या मोजक्या वेळी जातात. खेड्यात जाणाऱ्याने तेथे पोहोचल्यावर सर्वांत आधी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारावी. अनेक गावांत शेवटची गाडी ‘मुक्कामी’ असते, म्हणजे रात्री तेथेच थांबून पहाटे निघते. ती जाण्यास उपयोगी पडते, त्याच दिवशी परतण्यास नाही. शाळा-महाविद्यालये सुटण्याच्या वेळी गाड्या भरगच्च असतात, आणि दिवाळी व उन्हाळ्याच्या सुटीत काही फेऱ्या कमी होतात.

बसच्या भाड्यात सवलती भरपूर आहेत. ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयोगटास निम्मे भाडे आहे, आणि मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्मे भाडे आहे. वयाचा पुरावा म्हणून ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ ठेवावे. रेल्वेत सवलत नाही आणि बसमध्ये आहे, या एका गोष्टीने ज्येष्ठांचा व स्त्रियांचा बराचसा प्रवास रुळांवरून रस्त्यावर आला आहे. एस. टी.वरील हे अवलंबन किती खोल आहे, याचा प्रत्यय ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील कर्मचाऱ्यांच्या संपात आला. तेव्हा रेल्वेच्या सवारी गाड्याही पूर्ववत झालेल्या नव्हत्या. खेड्यातून तालुक्याच्या गावी येण्यास खासगी वाहनाखेरीज काही उरले नव्हते.

एस. टी. नसेल तेव्हा प्रवासी रिक्षा व काळी-पिवळी जीप उपयोगी पडते. ती ठरल्या वेळी न सुटता भरली की सुटते. भाडे बसण्यापूर्वी विचारून घ्यावे. खेड्याच्या आत न जाता ही वाहने पुष्कळदा ‘फाट्यावर’ सोडतात, म्हणजे मुख्य रस्त्यावरून गावाचा रस्ता जेथे फुटतो तेथे. तेथून गाव एक-दोन किलोमीटर आत असू शकते. शेतांत जाणारी वाट ही येथे ‘पांदण’ म्हणून ओळखली जाते. काळ्या मातीची पांदण पहिल्या मोठ्या पावसानंतर चारचाकीसच काय, पायी चालणाऱ्यासही दाद देत नाही. पत्ता सांगणारा ‘पांदणीने जवळ पडते’ असे म्हणाला, तर ते आठ महिन्यांपुरतेच खरे मानावे.

== समृद्धी महामार्ग ==

नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तीन तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला व जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस मिळाला. स्वतःची मोटार असणाऱ्यास त्यामुळे नागपूर बरेच जवळ आले. तथापि हा मार्ग ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येतो. दुचाकी व तीनचाकी वाहनांना तेथे प्रवेश नाही. ज्यांच्या जमिनीवरून तो गेला, त्या गावांतील बहुसंख्य लोकांकडे दुचाकीच आहे. जुन्या लोहमार्गाने आठ-दहा किलोमीटरवर एकेक स्थानक ठेवले होते, ही तुलना येथे सहज सुचते. मोटारीने येणाऱ्याने टायर, इंधन व पिण्याचे पाणी पाहूनच या मार्गावर चढावे, कारण सरळ, एकसुरी रस्त्यावर डुलकी लागून झालेले अपघात थोडे नाहीत.

विमानाने येणाऱ्यास नागपूर हेच मोठे विमानतळ आहे. बडनेऱ्याजवळील बेलोरा येथील अमरावती विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईसाठी सेवा सुरू झाली. तिचे दिवस व वेळ आधी पाहून घ्यावी.

== गावात व तालुक्यात ==

गाव पायी फिरण्याजोगे आहे. तहसील कार्यालय, नगर परिषद, ग्रामीण रुग्णालय व बाजारपेठ यांसाठी रिक्षाची गरज सहसा पडत नाही. तातडीच्या आजारपणात १०८ या क्रमांकावर शासकीय रुग्णवाहिका मिळते. पुढील उपचारासाठी रुग्ण बहुधा अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ‘इर्विन’ला पाठविला जातो. कोणाला भेटायला जाताना ‘इर्विन’ की प्रसूतीसाठीचे ‘डफरीन’, हे नीट विचारून घ्यावे. नवखा माणूस या दोन नावांत हमखास गोंधळतो.

भेट देण्यास हिवाळा, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. तेव्हा कापूस वेचणी चालू असते व तूर शेतात उभी असते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत दुपारी बारा ते चार या वेळेत फाट्यावर वाहनाची वाट पाहत उभे राहणे जिवावर बेतू शकते. स्थानिक लोक पहाटेची गाडी धरतात, डोक्याला दुपट्टा बांधतात आणि दुपारची कामे सावलीतील ठेवतात. पाहुण्यानेही तेच करावे.

तालुक्यातील सावंगा विठोबा येथे कृष्णाजी अवधूत महाराजांचे देवस्थान आहे. गुढीपाडव्याला तेथे मोठी यात्रा भरते. भाविक कापूर जाळतात आणि मंदिरासमोरील उंच झेंड्यांना नवी खोळ चढविली जाते. घुईखेड येथे बेंडोजी महाराजांचे संस्थान आहे. शेजारच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीकाठी कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे क्षेत्र असून तेथून आषाढीसाठी पंढरपूरला पालखी जाते. त्याच तालुक्यात अमरावती–नागपूर महामार्गावर गुरुकुंज मोझरी आहे, जेथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) समाधी आहे. त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवात मौन श्रद्धांजलीसाठी दूरदूरचे लोक जमतात. धामणगाव तालुक्यातील तळेगाव दशासर हे शंकरपटासाठी, म्हणजे बैलांच्या शर्यतींसाठी नावाजलेले आहे. ही ठिकाणे एका दिवसात एस. टी.ने साधत नाहीत. कौंडण्यपूर व मोझरी ही जोडी एका दिवशी कुऱ्हा–तिवसा मार्गे करावी आणि सावंगा वेगळ्या दिवशी.

यात्रेच्या दिवशी एस. टी. जादा गाड्या सोडते. जाताना त्या सहज मिळतात, पण परतीच्या वेळी सगळेच एकदम निघतात व रांग लांबते. सावंग्याची यात्रा ऐन चैत्रात येते, म्हणून पाणी बरोबर न्यावे, वृद्धांना सकाळीच दर्शन घडवून परत पाठवावे आणि रात्रीची गाडी चांदूर स्थानकावरून धरायची असल्यास मध्ये दोन तासांची सवड ठेवावी.